मानेची नस दबलीय, ऑपरेशन सांगितलंय : खान्देशातल्या घरच्यांसाठी पायरीपायरीनं माहिती

खरिपाच्या तोंडावर पीककर्जाचं नवं-जुनं करायला बँकेत गेलो, तेव्हा आप्पांची सही जुळेना. तीन वेळा केली, तिन्ही वेळा वेगळी. साहेबांनी अंगठा घेतला आणि आम्ही घरी आलो. वय झालं, असंच सगळ्यांना वाटलं. सही बिघडण्याचं कारण मानेत असू शकतं, हे आम्हाला कळायला पुढचे आठ महिने गेले. फेब्रुवारीत नाशिकला ऑपरेशन झालं. तोवर आप्पा केळीच्या बागेत पाटाच्या बांधावरून एकटे चालू शकत नव्हते.

मी डॉक्टर नाही. यावल तालुक्यातला शेतकरी आहे. फाइल घेऊन फिरणं, योजनेचे कागद जमवणं आणि रात्री खाटेशेजारी बसणं हे मी केलं. तुमच्या घरात कुणाला हे ऑपरेशन सांगितलं असेल, तर आमचे गेलेले महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१. आधी एवढं कळून घ्या : शीर दबलीय की मज्जारज्जू?

गावात सगळ्याला एकच शब्द आहे, "नस दबली". पण दोन अगदी वेगळ्या गोष्टी या एका शब्दात बसतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मानेत सात मणके असतात. वरचे दोन सोडले तर प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. मणक्यांच्या आतल्या पोकळीतून मज्जारज्जू, म्हणजे मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नेणारा मुख्य दोर, खाली जातो आणि बाजूच्या भोकांतून हाताकडे जाणाऱ्या शिरा (रक्ताच्या नव्हेत, निरोप नेणाऱ्या) निघतात. गादी सरकली, झिजली किंवा हाड वाढलं की दाब यातल्या एकावर येतो, कधी दोन्हींवर.

शीर दबली तर हातात कळ येते. मानेतून खांद्यात, खांद्यातून बोटांपर्यंत, करंट लागल्यासारखी. कुठली शीर आहे ते बोटावरून बरंच समजतं: अंगठा आणि शेजारचं बोट म्हणजे बहुतेक सहावी, मधलं बोट म्हणजे सातवी, करंगळीकडची बाजू म्हणजे आठवी. माणूस रात्र रात्र झोपत नाही, घरचे घाबरतात. पण हे दुखणं बहुतेकांचं औषध, विश्रांती आणि व्यायामानं सहा ते बारा आठवड्यांत उतरतं. हाताची ताकद कमी होत चालली किंवा एवढे आठवडे काढूनही कळ सोसवत नसेल, तर ऑपरेशनचा विषय निघतो.

मज्जारज्जू दबला तर दुखेलच असं नाही, आणि फसवणूक इथेच होते. आप्पा म्हणायचे, "हात दुखत नही, पण हातमा जीव नही." शर्टाचं बटण लागत नाही, भाकरीचा घास हातातून सुटतो, मोबाईलवर भलताच नंबर लागतो. चालताना पाय जड आणि ताठर होतात, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. मान खाली वाकवली की पाठीतून झटका उतरतो. लघवीला लागली की थांबवत नाही. हे दुखणं एकसारखं वाढत नाही. काही महिने आहे तसंच राहतं, मग एकदम पायरी उतरल्यासारखं बिघडतं. मधल्या शांत काळाला आम्ही गुण आला असं समजलो.

गोळ्यांनी हा दाब निघत नाही. फारच सौम्य त्रास असेल तर डॉक्टर लक्ष ठेवून थांबतात, पण मध्यम किंवा जास्त असेल तर ऑपरेशनच सांगतात. थोडक्यात, हातात नुसती कळ असलेल्यानं थोडी वाट बघायला हरकत नाही. कळ नाही, पण हात-पाय चुकतायत, अशा माणसानं वाट बघू नये. आमच्याकडे उलटं घडलं: दुखत नाही म्हणून आप्पा म्हणाले, "कापूस वेचून होऊ द्या, दिवाळीनंतर बघू."

२. घरी काय तपासायचं आणि कुणाच्या हाती मान द्यायची नाही

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. हात पुढे करून दहा सेकंदांत मूठ पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची. निरोगी माणसाची वीसच्या आसपास होते. आप्पांची अकरा झाली आणि बोटं नीट सरळ होत नव्हती. दुसरी परीक्षा म्हणजे एका रेषेत, टाचेला अंगठा लावून चालायला सांगा. तोल जाईल, म्हणून शेजारी उभे राहा. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना हे आकडे सांगितले तर ते लगेच कान देतात.

आता सापळा. न्हाव्याकडे मान मोडून घेणं, हाडवैद्याकडे ओढून घेणं, यात्रेत "नस बसवणाऱ्या"कडे जाणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. आम्हीही दोनदा नेलं. मज्जारज्जूवर दाब असताना मानेला झटका दिला तर हातपाय कायमचे जाऊ शकतात. एमआरआय होईपर्यंत मानेला कुणालाही हात लावू देऊ नका. मानेला वजन लावून ओढणं सुद्धा डॉक्टरांनी रिपोर्ट बघितल्याशिवाय नको.

पडण्यालाही तितकंच जपा. आतली जागा आधीच अरुंद असेल, तर ओल्या बांधावरून घसरण्याएवढं किंवा मोटारसायकलीवरून पडण्याएवढं साधं निमित्त पुरतं. आप्पांना मागे बसवून खड्ड्यांतून नेणं मी निदान झालं त्या दिवशी बंद केलं.

लघवी अडली, पाय दोन-चार दिवसांत झपाट्यानं गळाले, किंवा पडल्यावर हात हलेना, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात जा. आणि तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, एक बाजू अचानक लुळी, असं झालं तर तो मानेचा नव्हे, मेंदूचा झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा.

३. तपासण्या

मुख्य तपासणी मानेचा एमआरआय. पेसमेकर, जुन्या ऑपरेशनची क्लिप, डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला, यातलं काहीही असेल तर आधी सांगा. वेल्डिंगचं काम करणाऱ्यांनी तर आठवणीनं सांगा. सोबत मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढतात, त्यातून मणका हलतो का ते कळतं. मणक्यामागचा पट्टा हाडासारखा कडक झाल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन सांगतात.

आम्हाला एका सेंटरवाल्यानं फक्त टाइप केलेला रिपोर्ट हातात दिला. मणक्याच्या डॉक्टरला चित्रंच बघायची असतात, त्यामुळे परत हेलपाटा झाला. फिल्म आणि सीडी दोन्ही मागून घ्या. मोबाईलवर फिल्मचा फोटो काढून चालत नाही.

रिपोर्टमधला प्रत्येक शब्द वाचून घाबरू नका. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एमआरआयमध्ये गादी झिजलेली दिसतेच, काही त्रास नसला तरी. चित्र आणि त्रास जुळतो का, हे डॉक्टर हातोडीनं तपासून, मधल्या बोटाचं नख टिचकावून, चालवून बघतात. नुसता रिपोर्ट बघून, अंगाला हात न लावता ऑपरेशन सांगितलं, तर दुसरीकडे दाखवा. पण मज्जारज्जूच्या आत रंग बदलल्याचा उल्लेख असेल तर दिवस घालवू नका. त्याचा अर्थ दाबाचा परिणाम रज्जूवर होऊ लागलाय.

रक्तात बी-१२ आणि साखर बघून घ्याच. बी-१२ कमी असेल तरी हातपाय बधिर होतात आणि तोल जातो, साखरेनंही पाय बधिर होतात. मनगटातली शीर दबली तरी रात्री बोटांत मुंग्या येतात. आप्पांचं बी-१२ खरंच कमी निघालं होतं आणि त्याच्याच इंजेक्शनांवर आमचे तीन महिने गेले. एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसेल असं धरू नका.

४. डॉक्टरांना काय विचारायचं

हे ऑपरेशन मणक्याचे हाडांचे सर्जन करतात आणि न्यूरोसर्जनही. दोन्ही चालतात. ते नेमानं मानेची ऑपरेशनं करतात का, हे महत्त्वाचं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी आणि सल्ल्याला तिथून सुरुवात करता येते. पुढे आपल्याकडचे लोक नाशिक, संभाजीनगर, मुंबईला जातात, नंदुरबारकडचे सुरतला. ठरवताना ऑपरेशननंतर निदान तीन-चार वेळा तिथं परत जायचंय हे धरून ठरवा.

आम्ही प्रश्न वहीत लिहून नेले होते. समोर बसल्यावर काही सुचत नाही. आमचे प्रश्न असे होते:

- शीर दबलीय, मज्जारज्जू, की दोन्ही? कुठल्या मणक्यांत?
- ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? किती दिवस थांबता येईल?
- पुढून करणार की मागून, आणि का?
- काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही?
- बसवायचं साहित्य कुठलं, आणि ते सांगितलेल्या खर्चात धरलंय का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना घरातले सगळे तिथं असू द्या. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: "हे ऑपरेशन घसरण थांबवायला करतोय. सुधारणा झाली तर ती वरची कमाई." शीर दबलेल्याची हाताची कळ बहुतेक वेळा लवकर जाते. मज्जारज्जूचं तसं नाही. किती दिवस दाब होता आणि आधी किती बिघडलं होतं, त्यावर ते असतं. नुसती मान दुखते म्हणून हे ऑपरेशन करू नये, असंही त्यांनीच सांगितलं.

५. ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात

पुढून करायचं असेल तर गळ्याच्या बाजूला, कातडीच्या सुरकुतीत आडवी चीर देतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका हळूच बाजूला सारून मणक्यापर्यंत जातात, खराब गादी पूर्ण काढतात, मागे वाढलेलं हाड घासून रज्जूवरचा दाब काढतात. रिकाम्या जागेत एक छोटा पिंजरा आणि हाडाचा चुरा बसवतात, बहुतेकदा वर पट्टी आणि स्क्रू. पुढच्या काही महिन्यांत ते दोन मणके जुळून एक होतात. ही पद्धत १९५० च्या दशकापासून चालत आलीय, नवा प्रयोग नाही. एक-दोन ठिकाणी दाब असेल तर बहुतेक असंच करतात. काही निवडक, तुलनेनं तरुण रुग्णांत मणके जोडण्याऐवजी हलणारी कृत्रिम गादी बसवतात.

मागून करायचं असेल तर मणक्याची मागची कमान काढतात, किंवा जपानमध्ये निघालेल्या पद्धतीनं दार उघडल्यासारखी एका बाजूनं उघडून तशीच ठेवतात, म्हणजे रज्जूला मागे सरकायला जागा होते. तीन किंवा जास्त ठिकाणी दाब असेल, आणि मानेचा नैसर्गिक बाक टिकून असेल, तर हे निवडतात. स्नायू कापावे लागत असल्यानं सुरुवातीला मान जास्त दुखते. एकच शीर बाजूच्या भोकात अडकली असेल, तर मागून तेवढंच भोक मोठं करूनही भागतं.

आप्पांचं पुढून, दोन गाद्यांचं झालं.

धोके सही करण्याआधी समजून घ्या. पुढून केल्यावर गिळायला त्रास आणि आवाज बसणं बऱ्याच जणांना होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं. मागून केल्यावर काहींना खांदा उचलता येत नाही, तेही बहुतेकदा काही महिन्यांत सुधारतं. जंतुसंसर्ग, रज्जूभोवतीचं पाणी गळणं, मणके न जुळणं, शिरेला किंवा रज्जूला इजा, हे क्वचित होतं, पण होतं. काही वर्षांनी शेजारची गादीही झिजू शकते.

६. पैसा, योजना आणि कागद

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र केल्यापासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण योजना दवाखान्यात असणं पुरत नाही, त्या विभागाला आणि त्या ऑपरेशनला मान्यता असावी लागते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, भरती होण्याआधी त्यांना भेटा. फोनवर विचारायचं तर १५५३८८.

मोठा सापळा हा, की ही योजना रोख न भरता उपचाराची आहे. आधी खिशातून भरून मग योजनेतून परत मिळवू, असं होत नाही. मंजुरी आधी, ऑपरेशन नंतर. सुरतेला जाणार असाल तर तुमचं कार्ड त्या दवाखान्यात चालतं का, ते निघण्याआधी विचारून घ्या.

आमचं अडलं ते नावावर. रेशनकार्डावर आप्पांचं नाव एक, आधारवर आडनावाचं अक्षर वेगळं. तहसीलला तीन फेऱ्या झाल्या. डॉक्टरांनी ऑपरेशनचा शब्द काढला त्याच दिवशी ही जुळणी तपासा.

सोबत ठेवायचं :

- रुग्णाचं आधार आणि रेशनकार्ड, मूळ प्रत आणि प्रत्येकी चार-पाच झेरॉक्स. रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर
- आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते
- एमआरआयची फिल्म, सीडी, रिपोर्ट, एक्स-रे
- जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची यादी
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- पासपोर्ट फोटो, आणि मेडिक्लेम असेल तर पॉलिसी

उत्पन्नाचा दाखला धर्मादाय रुग्णालयासाठी लागतो. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. तिथं समाजसेवकाला भेटून लेखी अर्ज द्या. खाजगीत करायचं असेल तर खर्च लेखी मागा, आणि त्यात साहित्य, आयसीयू, भूल, औषधं, शिरांवर नजर ठेवणारं यंत्र हे सगळं आहे का ते एकेक विचारा.

७. भरतीच्या आधी

तंबाखू सोडायला लावा. चुना-तंबाखू, बिडी, गुटखा, मिश्री, सगळंच. निकोटिननं रक्तपुरवठा कमी होतो आणि मणके जुळत नाहीत. आप्पांनी चाळीस वर्षांची पुडी ऑपरेशनच्या महिनाभर आधी सोडली. घरात तेवढे दिवस कठीण गेले, पण हे डॉक्टर करू शकत नाहीत, घरच्यांनाच करावं लागतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, स्वतः ठरवू नका. साखर ताब्यात आणा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना दम, घोरणं, हलणारे दात, मागच्या भुलीचा अनुभव, सगळं सांगा. मान मागे न वाकवता नळी घालावी लागते, म्हणून त्यांना हे आधी कळणं गरजेचं आहे.

घरात न्हाणीत धरायला दांडा बसवा आणि खुर्चीचा संडास आणा. माळ्यावरच्या वस्तू खाली काढा.

८. दवाखान्यातले दिवस

पहिली रात्र जागून काढा. गळा फुगतोय, श्वास घ्यायला जड जातंय, हातपाय आधीपेक्षा जास्त गळाले, असं काहीही दिसलं तर तत्क्षणी नर्सला उठवा, सकाळची वाट बघू नका. आत रक्त साचलं तर हातात मिनिटंच असतात.

बहुतेकांना दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. गिळताना ठसका लागत असेल तर बसवून, घोट घोट द्या. आप्पांना पंधरा दिवस मुगाची पातळ खिचडी आणि दुधात कुस्करलेली मऊ भाकरी दिली. कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत त्यांनी मागितलं, आम्ही दिलं नाही.

घरी येताना शक्य असेल तर रेल्वेनं या. भुसावळपर्यंतचा प्रवास झोपून होतो, रस्त्याचे धक्के वाचतात.

९. घरी आल्यावर

गळ्याभोवतीचा मानेचा पट्टा किती दिवस घालायचा आणि कधी काढायचा, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. काही डॉक्टर देतच नाहीत, शेजाऱ्याच्या पट्ट्यावरून ठरवू नका. आमचा मार्च-एप्रिल पट्ट्यात गेला. जळगावच्या त्या उन्हात गळ्याला घामोळं येऊन कातडी सोलवटली. डॉक्टरांना विचारून आतून सुती कापड लावलं, ते दिवसातून तीनदा बदलायचो.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत काढतात. तोवर जखम कोरडी ठेवा. ताप, जखमेतून पू किंवा स्वच्छ पाणी, बसल्यावर वाढणारी डोकेदुखी, यातलं काही दिसलं तर फोन करा. दुखतंय म्हणून मेडिकलमधून मनानं गोळ्या आणू नका, काही गोळ्यांनी हाड जुळायला उशीर होतो.

चाऱ्याचा भारा, केळीचा घड, पाठीवरचा फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, मोटारसायकल, हे डॉक्टर एक्स-रे बघून हो म्हणेपर्यंत बंद. भरलेला पंप वीस किलोच्या आसपास जातो. आप्पा ऐकेनात, तेव्हा पंप काही महिन्यांसाठी भावकीत देऊन टाकला. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून रोज, थोडं थोडं वाढवत. बोटांच्या व्यायामाला फिजिओथेरपिस्टनं शेंगा फोडणं, ज्वारीच्या परातीतून हरभरे वेचणं सांगितलं, ते घरात कुणीही करून घेऊ शकतं.

रोज वहीत रुग्णाच्या तब्येतीची एक ओळ लिहून घ्या, खाली तारीख टाका. भेटीला जाताना ती वही, सगळ्या जुन्या फिल्म आणि नवा एक्स-रे न्या. सुधारणा दिवसाला दिसत नाही, वहीत दिसते. सहा महिन्यांनी आप्पांची मूठ दहा सेकंदांत अकरावरून सतरावर आली, बटणं स्वतः लावतात. तळपायाला माती पूर्वीसारखी लागत नाही म्हणतात, बांधावर काठी लागते. जुनी सही काही परत आली नाही. गेल्या आठवड्यात आम्ही बँकेत जाऊन नव्या सहीचा नमुना देऊन आलो.